वाट काढणारा परमवीर

(सेकंड लेफ्टनंट, पुढे मेजर, रामा राघोबा राणे यांच्या जीवनावरील व्याख्यानाचा पाठ)



परमवीरचक्राच्या मानपत्रांची भाषा बहुधा एकाच धाटणीची असते. शत्रूची लाट येते, मूठभर जवान ठाणे धरून राहतात, त्यांचा नायक जखमी होतो, तरीही शस्त्र खाली ठेवत नाही आणि अखेरीस धारातीर्थी पडतो. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. परंतु एक मानपत्र असे आहे की, ते वाचताना प्रथम रेल्वेचे वेळापत्रक हाती आल्याचा भास व्हावा. सकाळी अकरा वाजता अमुक घडले. दुपारी साडेचारला तमुक. त्यानंतर रात्री दहापर्यंत काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा प्रारंभ, दुपारी तीनपर्यंत काम. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला प्रारंभ. चौथ्या दिवशी पुन्हा सहा. चार दिवसांचा हा हिशेब आहे. मानपत्राच्या नायकाने शत्रूचे किती सैनिक मारले, याचा त्यात उल्लेख नाही. उल्लेख आहे तो उडवलेल्या झाडांचा, काढलेल्या सुरुंगांचा, फुटलेल्या मोरीशेजारून काढलेल्या वळणवाटेचा. हे मानपत्र सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे. ज्या कामासाठी त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, ते काम एका वाक्यात सांगायचे तर रस्ता मोकळा करण्याचे होते.

हे वाक्य ऐकायला फार साधे वाटते. त्या साधेपणाच्या पोटात काय होते, ते आज पाहावयाचे आहे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया या गावी झाला. आज हा भाग कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात येतो. त्या काळी, आणि पुढे १९५६ पर्यंत, तो मुंबई प्रांतात होता. कोकणी बोलणारा हा समुद्रकाठ, गोव्याला लागून असलेला. वडील राघोबा राणे पोलिसात शिपाई होते. पोलीस शिपायाची बदली झाली की चूलबोळके उचलून सारे कुटुंब त्याच्यामागे निघे. त्यामुळे रामाचे शिक्षण जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाळांत, जसे जमेल तसे झाले. १९३० साली देशभर सत्याग्रहाचे वारे वाहू लागले. बारा वर्षांचा हा मुलगा त्या वाऱ्याने भारला गेला. सरकारी नोकरीत असलेल्या बापाच्या जिवाला घोर लागला आणि त्याने कुटुंब चेंडियाला परत आणले. सरकारची पोलिसी करणारा बाप आणि सरकारविरुद्धच्या चळवळीकडे ओढला जाणारा मुलगा, असे चित्र त्या काळी शेकडो घरांत होते. त्यात बापाला दोष द्यावा असे काही नाही. पगारावर चालणारे घर होते.

पुढे दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा इंग्रजांच्या हिंदी सैन्यात भरती झाला. वय बावीस. पलटण बॉम्बे इंजिनिअर्स. तिचे घर पुण्याजवळ खडकीला.

या पलटणीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'सॅपर्स अँड मायनर्स' या इंग्रजी नावाचा आपल्याकडील शिपायांच्या तोंडी 'सफरमैना' असा अपभ्रंश झाला. शब्द गोड आहे, काम गोड नाही. पुढे जाताना पायदळाच्या व रणगाड्यांच्या आधी पोहोचायचे, सुरुंग काढायचे, ओढ्यावर पूल टाकायचा. माघार घ्यायची वेळ आली की सर्वांच्या मागे थांबायचे आणि तोच पूल स्वतःच्या हाताने उडवून द्यायचा. म्हणजे जाताना सर्वांत आधी, परतताना सर्वांत शेवटी. खांद्यावर रायफल असते, पण हाती बहुधा कुदळ, फावडे, करवत, सुरुंगाची वात. शत्रू गोळ्या झाडीत असताना उलट गोळी झाडणे हे माणसाला सुचते आणि त्याने धीरही येतो. सफरमैनाला मात्र त्या वेळी खाली मान घालून हातातले काम करावे लागते.

खडकीच्या प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना मिळाली. लवकरच ते नाईक झाले. अठ्ठाविसाव्या फील्ड कंपनीबरोबर त्यांची रवानगी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, २६ व्या डिव्हिजनकडे झाली. तेथे जपान्यांशी गाठ होती. आराकानमधून डिव्हिजनला माघार घ्यावी लागली, तेव्हा राणे यांना दोन लहान तुकड्यांसह मागे ठेवण्यात आले. बुथिडाँग येथील दारूगोळ्याचा साठा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो उडवायचा आणि नंतर नौदलाच्या बोटीतून निघून यायचे, अशी योजना होती. साठा उडाला. बोट मात्र पोहोचू शकली नाही. समोर नदी, नदीवर जपानी गस्त, आणि हाताखालची माणसे आता काय करायचे म्हणून एका नाईकाच्या तोंडाकडे पाहत उभी. राणे यांनी ती नदी ओलांडली आणि जपान्यांना चकवून आपल्या माणसांसह डिव्हिजन गाठली. त्यांना हवालदारी मिळाली, पुढे ते जमादार झाले.

आराकानची ही हकिकत सहसा दोन ओळींत उरकली जाते. ती तशी उरकू नये. वरिष्ठांनी आखलेली योजना कोलमडल्यावर, कोणाचा हुकूम येण्याची शक्यता नसताना, हाताशी जे आहे त्यातून वाट काढणे ही विद्या राणे यांनी तेथे आत्मसात केली. ती कोणत्याही अधिकारी-शाळेत शिकवली गेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर, १५ डिसेंबर १९४७ रोजी, त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. वयाच्या तिशीला आलेला हा सेकंड लेफ्टनंट, साडेसात वर्षे शिपाईगिरीच्या पायऱ्या चढून आलेला होता. नव्या स्वतंत्र देशाच्या सैन्याला अशा माणसांची निकड होती. देश स्वतंत्र होऊन दहा आठवडे झाले नव्हते, तोच काश्मीरवर टोळधाड आली होती.

आता राजौरीकडे वळू. राणे यांच्या चार दिवसांचे मोल समजण्यासाठी त्या रस्त्याच्या शेवटी काय होते, हे ठाऊक हवे.

राजौरी हे पीरपंजालच्या दक्षिण पायथ्याचे जुने गाव. १० नोव्हेंबर १९४७ रोजी ते आक्रमकांच्या हाती पडले. दिवाळी दोन दिवसांवर होती. गावातले आणि आसपासच्या भागातून जीव वाचवत आलेले हिंदू-शीख निर्वासित तेथे अडकले होते. जी कत्तल झाली तिची वर्णने येथे करण्याची गरज नाही. इतके सांगितले तरी पुरे की, त्यानंतर कित्येक वर्षे राजौरीतील जुन्या कुटुंबांना दिवाळी हा सण राहिला नाही, सुतक झाले. जे जिवंत राहिले ते पाच महिने त्या राजवटीखाली राहिले किंवा डोंगरांत लपले.

या काळात भारतीय सैन्याची स्थितीही नाजूक होती. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगड हातचे गेले. नौशेऱ्यावर ६ फेब्रुवारी १९४८ रोजी मोठा हल्ला झाला आणि तो परतवला गेला. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांनी झांगड परत घेईपर्यंत खाटेवर न झोपण्याची प्रतिज्ञा केली होती. १८ मार्चला झांगड परत मिळाले. त्याच झांगडमध्ये ३ जुलैला तोफगोळ्याने उस्मान यांचा बळी घेतला. त्यांची स्वतंत्र कथा आहे आणि ती सांगण्यास स्वतंत्र व्याख्यान लागेल. झांगड परत आल्यावर पुढचा प्रश्न राजौरीचा होता. राजौरी घेतल्याने नौशेऱ्यावरील दडपण हलके होणार होते, वेढ्यात सापडलेल्या पूंछच्या दिशेने एक पाऊल पडणार होते, आणि तेथील माणसे सुटणार होती.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता हा जुना मुघल मार्ग. भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी, ठाणामंडी आणि पुढे पीरपंजाल ओलांडून काश्मीर खोरे. बादशहा उन्हाळ्यासाठी काश्मीरला जात ते याच वाटेने. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर मरण पावला, तेव्हा देह टिकावा म्हणून त्याची आतडी चिंगसच्या सरायीत पुरली आणि त्यावरूनच त्या स्थळाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. बादशाही लवाजम्याला जो रस्ता पुरत असे, तो १९४८ च्या एप्रिलमध्ये रणगाड्यांना पुरणार नव्हता. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला उतार, वळणांमागून वळणे, आणि आक्रमकांनी जागोजाग चीडाची मोठमोठी झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या फोडलेल्या, भराव उडवलेले, त्यांत सुरुंग पेरलेले. टेकडीवर मशीनगन लावून खालचा अडथळा नेमका माऱ्यात राहील, अशी योजना. अडथळा नुसता आडवा पडलेला नव्हता, त्याच्यावर पहारा होता.

एकोणिसाव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर यदुनाथ सिंह यांच्याकडे या चढाईची जबाबदारी होती. पुढे चौथी डोग्रा पलटण, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे. रणगाड्यांना वाट करून देण्यासाठी सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी, तिचे प्रमुख राणे.

८ एप्रिल १९४८. सकाळचे अकरा. रस्त्यावरचा सव्विसावा मैल. नाडपूर साउथ या ठिकाणाजवळ राणे आणि त्यांची माणसे रणगाड्यांपाशी कामाला सुरुवात करण्याच्या तयारीत उभी होती. एवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले. पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणे. काम सुरू होण्याआधीच तुकडीची ही अवस्था.

येथे क्षणभर थांबावे. जखमी अधिकाऱ्याला मागे पाठवले जाणे ही त्या प्रसंगी अत्यंत रीतसर गोष्ट ठरली असती. कोणी बोट दाखवले नसते. राणे यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि कामास हात घातला. दिवसभर ते रणगाड्यांच्या सोबत, माऱ्यातच होते. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवालीची टेकडी घेतली. शत्रू आसपास अजून आहे हे ठाऊक असूनही राणे आपली माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने वाट खणू लागले. रात्रीचे दहा वाजेपर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात हे काम चालले.

९ एप्रिलला सकाळी सहा ते दुपारी तीन. नऊ तासांनी वळणवाट रणगाड्यांना जाण्याजोगी झाली. रणगाड्यांचा ताफा हलला तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेले नाहीत तोच रस्त्यावर चीडाची झाडे. गाडीतून उतरले, सुरुंग लावला, झाडे उडवली, पुन्हा गाडीत. तीनशे यार्डांवर तोच प्रकार. पुन्हा उतरणे, पुन्हा उडवणे. पाच वाजत आले. नागमोडी रस्ता डोंगराला वळसे घालीत होता. पुढच्या वळणावर मोरीच फोडलेली. कामाला हात लावण्याच्या आत टेकडीवरून मशीनगन सुरू झाल्या. त्या माऱ्यात बाजूची वाट तयार झाली आणि ताफा पुढे सरकला. सव्वासहा. उजेड झपाट्याने मावळत होता. समोर पाच प्रचंड झाडांचा अडथळा, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढू लागले. रणगाड्यांच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून ताफा रात्रीपुरता सुरक्षित जागी घेतला, म्हणून त्या दिवशी काम थांबले.

सुरुंग काढणे म्हणजे काय, याचीही थोडी कल्पना करावी. पालथे पडून संगिनीच्या टोकाने तिरपी जमीन चाचपायची, टोकाला काही कठीण लागले की हात थांबवायचा, बोटांनी माती दूर करायची. तो दगडही असू शकतो. डोंगरातल्या रस्त्यावर दगडाला तोटा नसतो, आणि प्रत्येक दगड सुरुंगच आहे असे धरून चालावे लागते. घाई करता येत नाही. मागे रणगाडे खोळंबलेले असतात, वरून गोळ्या येत असतात, आणि बोटे मात्र सोनाराच्या बोटांसारखी सावकाश चालवावी लागतात.

या चार दिवसांविषयी आणखी एक हकिकत सांगितली जाते. मानपत्रात ती नाही. मारा इतका तीव्र होता की उघड्यावर पुढे सरकणे अशक्य झाले, तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाड्याच्या आडोशाने, त्याच्यासोबत सरपटत पुढे गेले. आत बसलेल्या चालकाला इशारा देण्यासाठी दोन दोर होते. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. रणगाड्याचे वजन, त्याचा आवाज, दोन पट्ट्यांमधली ती हातभर जागा, आणि चालकाने एक इशारा चुकीचा समजला तर काय, हे सारे डोळ्यांसमोर आणून पाहावे.

१० एप्रिल, पहाटे पावणेपाच. आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेला अडथळा. अंधार पुरता ओसरला नव्हता. साडेसहापर्यंत तो दूर झाला. त्यापुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि उडवलेल्या भरावांची रांगच होती, सगळी माऱ्याखाली. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले. (ही जम्मूची तवी नव्हे, राजौरी-नौशेऱ्याकडून वाहणारी मनावर तवी.) दुपारी दोनला ते चिंगसला पोहोचले.

कोणालाही वाटेल की येथे राणे यांचे काम संपले. रणगाड्यांना वाट करून देण्याचा हुकूम होता, रणगाडे तर नदीपात्रातून निघूनही गेले. परंतु रणगाड्याला पेट्रोल लागते, तोफेला गोळे, माणसाला भाकरी आणि जखमीला रुग्णवाहिका. ही सारी चाके असलेली वाहने नदीच्या गोट्यांतून जाऊ शकत नाहीत. त्यांना रस्ताच लागतो. राणे हे ओळखून होते. म्हणून रणगाडे पुढे गेल्यावरही ते मागे रस्ता मोकळा करीत राहिले. त्या दिवशी रात्रीच्या नऊपर्यंत, विश्रांती नाही, अन्न नाही. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहाला प्रारंभ. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. त्यानंतर रात्री दहापर्यंत चिंगसच्या पुढचा रस्ता.

या सबंध पराक्रमातला सर्वांत मोठा भाग हाच, असे म्हटले तर अनेकांना नवल वाटेल. मशीनगनसमोर पाच झाडांचा अडथळा दूर करणे हे डोळ्यांत भरते. १० एप्रिलच्या दुपारनंतर मात्र पाहणारे कोणी नव्हते. रणगाड्यांचा गडगडाट पुढे निघून गेला होता. जखम तिसऱ्या दिवसाची झाली होती. अशा वेळी पोटात अन्न नसताना सामानाच्या गाड्यांसाठी दगडमाती उपसणे, हे ज्याला युद्ध म्हणजे काय ते आतून समजले आहे तोच करू जाणे. आपल्या इतिहासात आपण घोडदौडी पुष्कळ गायिल्या. घोड्यांना वैरण कोणी पोहोचवली, हे विचारण्याची सवय आपल्याला कमीच. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांची काय दशा झाली ती आठवावी. अब्दालीने रसद तोडली आणि शेवटी सैन्य उपाशी पोटी लढाईला बाहेर पडले. त्यांच्या तलवारी बोथट नव्हत्या. खडकीत घडलेला हा कारवारचा सेकंड लेफ्टनंट रसदेचा रस्ता रणगाड्याच्या वाटेइतकाच महत्त्वाचा मानत होता.

१२ एप्रिलच्या संध्याकाळी भारतीय सैन्य राजौरीत शिरले. माघार घेणाऱ्यांनी जाताना पुन्हा रक्तपात केला होता, घरे पेटवली होती. प्रेतांनी भरलेले खड्डे सैन्याला आढळले, अशी नोंद या युद्धाच्या इतिहासात आहे. परंतु जे जिवंत होते ते डोंगरांतून, झाडीतून हळूहळू परतू लागले. दुसऱ्या दिवशी १३ एप्रिल, बैसाखी. राजौरी आजही हाच दिवस मुक्तिदिन म्हणून पाळते. दिवाळीच्या तोंडावर गेलेले गाव बैसाखीला परत मिळाले. हा रस्ता आणखी दोन दिवस बंद राहिला असता तर त्या झाडीतून परतणाऱ्यांची संख्या किती कमी झाली असती, हा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

खडकीच्या पलटणीच्या इतिहासात या प्रसंगाला एक विलक्षण जोड आहे. सात वर्षे आधी, १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, आफ्रिकेत इटालियन सैन्याचा पाठलाग चालू असताना बॉम्बे सॅपर्सच्याच एका सेकंड लेफ्टनंटने चार दिवस, सुमारे ९६ तास, ५५ मैलांच्या रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी केली होती. गाडी पायाखाली उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्याने काम दुसऱ्याकडे सोपवण्यास नकार दिला. हे प्रेमींद्रसिंह भगत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. भगत आणि राणे दोघांचेही जन्मसाल १९१८. एक डेहराडूनच्या अकादमीतून थेट अधिकारी झालेला, दुसरा पोलीस शिपायाचा मुलगा, रंगरुटापासून चढत आलेला. भगत यांच्या पराक्रमाची वार्ता आली तेव्हा राणे यांच्या भरतीला वर्षही झाले नव्हते. खडकीच्या बराकींत त्या वार्तेची चर्चा झाली नसेल, हे संभवत नाही. परंपरा हा शब्द आपण भाषणांत फार सैल वापरतो. एका पलटणीत सात वर्षांच्या अंतराने दोन तरुण अधिकारी चार-चार दिवस सुरुंगांशी झुंजतात आणि दोघेही जखमी अवस्थेत काम सोडण्यास नकार देतात, तेथे तो शब्द वापरण्यास हरकत नसावी.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू झाले. या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. जन्माने त्या युरोपीय, विवाहाने मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी, आणि अध्ययनाने आपल्या पुराणांच्या जाणकार. जांभळ्या फितीला लटकणारे कांस्याचे साधे चक्र, मध्ये राजमुद्रा आणि चार बाजूंना इंद्राची चार वज्रे. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धात पाच जणांना हे चक्र मिळाले. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह यांना मरणोत्तर. राणे आणि तिथवालचे करम सिंह हे दोघे ते छातीवर लावायला जिवंत राहिले. राणे यांच्या सन्मानाची राजपत्रात घोषणा २१ जून १९५० ला झाली.

वीर जिवंत राहिला की समाजाची थोडी पंचाईत होते. हुतात्म्याला हार घालता येतो, पुण्यतिथी ठरवता येते. जिवंत वीर मात्र सकाळी उठून कामावर जातो, रजेचा अर्ज करतो, मुलांच्या शाळेची चिंता वाहतो. राणे यांनी एकूण अठ्ठावीस वर्षे सेना-सेवा केली. पाच वेळा युद्धवृत्तांतात त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख झाला. मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. चिंगसच्या रस्त्यानंतर ते सेहेचाळीस वर्षे जगले.

सन्मान झाले नाहीत असे नाही. भारतीय नौवहन महामंडळाने १९८० च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली. १९८४ साली दाखल झालेल्या एका जहाजावर राणे यांचे नाव होते आणि ते पाहायला स्वतः राणे हयात होते. ते जहाज पंचवीस वर्षे समुद्रावर राबले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, 'चपल' या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी, त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांतील एक बेट आज राणे यांच्या नावाचे आहे. एका शिपायाच्या पोराचे नाव जहाजावर, किनाऱ्यावर आणि बेटावर कोरले गेले. समुद्रकाठी जन्मलेल्याला समुद्राने आठवणीत ठेवले, असे म्हणावे. रस्त्यासाठी झुंजलेल्या माणसाचे नाव एखाद्या रस्त्यावरही असावे, असे मात्र वाटल्याखेरीज राहत नाही. नौशेरा-राजौरी हा रस्ता आज जम्मू-पूंछ राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. ज्या अंतराला त्या एप्रिलमध्ये चार-पाच दिवस लागले, ते आता वाहने तासा-दीड तासात ओलांडतात.

त्या मानपत्रात राणे यांच्या कामाचा तासातासाचा हिशेब आहे. ८ एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता, पहिला सुरुंग काढण्याच्याही आधी, उखळी तोफेच्या गोळ्याने जे दोघे गेले, त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. 'दोन माणसे ठार' एवढाच उल्लेख. तेही खडकीचेच सफरमैना. जे कोणी पुण्यात येतील, त्यांनी खडकीला जाऊन पलटणीच्या युद्धस्मारकासमोर पाच मिनिटे उभे राहावे.